हातातली नोट : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मागील अंकात चलनी नोटांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन केले होते. पत्रे अपेक्षेपेक्षा अधिक आली आणि त्यांतील बहुतेकांत एक गोष्ट समान आढळली. रोज हाताळली जाणारी ही वस्तू कशाची आणि कशी बनते, हे आपल्याला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून तिच्याविषयी उठणाऱ्या अफवा आपण खऱ्या मानून चालतो. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे मराठवाड्यातील एका बँकेच्या रोख विभागात गेली. नोटेची घडण एकदा समजली, की ती पारखायला बोटे, डोळे आणि दिवसाचा उजेड एवढे पुरते, हे मी त्या खिडकीमागे बसून शिकलो. पुढील उत्तरे त्या अनुभवाला धरून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्यांपासून कापूस पिकतो. नोटेचा कागद कापसापासून होतो, असे जिनिंगवर ऐकले. हे खरे आहे का? आणि खरे असेल तर कापूसच का?
— एक शेतकरी वाचक, जि. जालना

हे पूर्णपणे खरे आहे. भारतीय नोटेचा कागद शंभर टक्के कापसाचा असतो. वहीच्या किंवा वर्तमानपत्राच्या कागदात असतो तसा लाकडाचा लगदा त्यात नसतो. मात्र आपण वेचून दिलेल्या कापसाची लांब धाग्याची रुई थेट कागदगिरणीत जाते, असे समजू नये. ती सूतगिरणीत जाते. तेथे धागा कातण्यापूर्वी रुई विंचरतात, तेव्हा आखूड तंतू गळून बाजूला पडतात. बारीक सुताला निरुपयोगी ठरलेले हे तंतू, ज्यांना धंद्यात कोंबर नॉईल म्हणतात, कागदाला मात्र उत्तम ठरतात. सरकीला चिकटून राहिलेली बारीक लवही जगभर अशा उंची कागदासाठी वापरली जाते. थोडक्यात, वस्त्राच्या कामातून उरलेल्या कापसाचा हा कागद आहे.

कापूसच का, याचे उत्तर तंतूत आहे. लाकडाचा तंतू आखूड असतो आणि त्यात लिग्निन नावाचे द्रव्य असते, ज्यामुळे स्वस्त कागद काही वर्षांत पिवळा पडून तुटू लागतो. कापसाचा तंतू जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतो, लांब असतो आणि ओला झाला तरी ताकद धरून राहतो. नोटेला दिवसातून अनेकदा घडी पडते, ती घामाने भिजते, कमरेला खोचली जाते, पदराच्या गाठीत बांधली जाते. साध्या कागदाला हे सोसत नाही. गिरणीत हे तंतू सोड्याच्या पाण्यात दाबाखाली शिजवतात, विरंजन करून पांढरे करतात आणि मग पाण्यात इतके कुटतात, की प्रत्येक तंतूला बारीक फाटे फुटतात. कागद बनताना हे फाटे एकमेकांत गुंततात. नव्या नोटेचा करकरीत आवाज या गुंतण्यातून आणि नंतर दिलेल्या लेपातून येतो.

यापुढचा टप्पा मला सर्वांत सुंदर वाटतो. लगद्याच्या हौदात तारेच्या जाळीने मढवलेले एक मोठे नळकांडे फिरत असते आणि त्या जाळीवर गांधीजींचा चेहरा उंचसखल घडवलेला असतो. पाणी जाळीतून निथळते, तंतू वर बसतात. जाळी जेथे उंच, तेथे तंतू कमी बसतात आणि कागद पातळ होतो. जाळी जेथे खोल, तेथे जास्त बसतात आणि कागद जाड होतो. उजेडाकडे धरल्यावर दिसणारे जलचिन्ह ते हेच. त्यात शाईचा थेंबही नसतो. ते कागदाच्या जाडीत असते, म्हणूनच त्यातील छाया गालावरून हनुवटीकडे हळूहळू उतरत जाते. सुरक्षा धागाही याच वेळी, कागद ओला असतानाच, त्याच्या पोटात सोडतात. आपल्याकडे हा कागद मध्य प्रदेशातील नर्मदापुरम, म्हणजे पूर्वीचे होशंगाबाद, येथील १९६८ साली सुरू झालेल्या गिरणीत आणि अलीकडच्या काळात म्हैसूरच्या गिरणीत तयार होतो.

या कागदात चकाकी आणणारी रसायने नसतात. म्हणून अतिनील किरणांच्या दिव्याखाली साधा कागद निळसर पांढरा झगमगतो आणि नोटेचा कागद मात्र मंद राहतो. उजळतात ते फक्त क्रमांक, धागा आणि कागदात विखुरलेले काही रंगीत तंतू. शर्टाच्या खिशात राहून कपड्यांच्या पावडरीत धुतली गेलेली खरी नोटही दिव्याखाली झगमगू शकते, कारण पावडरीतील चकाकी तिला लागलेली असते. एवढ्यावरून तिला खोटी ठरवून परत केलेल्या माणसांची निराशा मी अनेकदा पाहिली आहे.

प्रश्न : आमच्या शेजारच्या कागजीपुऱ्यात हाताने कागद करण्याची जुनी परंपरा आहे. असा कागद नोटांसाठी का वापरत नाहीत?
— एक वाचक, खुलताबाद

कागजीपुऱ्याची परंपरा चौदाव्या शतकापर्यंत मागे जाते. मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला आणून तिचे दौलताबाद केले, त्या काळात कागद करणारे कागदी लोक येथे स्थिरावले, असे मानले जाते. हाताने केलेल्या कागदावर नोटा छापल्या गेल्याच नाहीत, असेही नाही. १८६१ च्या कागदी चलनाच्या कायद्यानंतर राणी व्हिक्टोरियाचे चित्र असलेल्या ज्या नोटा निघाल्या, त्या इंग्लंडमधील लॅव्हरस्टोक गिरणीत हाती साच्यातून उचललेल्या कागदावर, एकाच बाजूने छापलेल्या होत्या.

आज ते शक्य नाही, याचे कारण कारागिरीत काही उणीव आहे असे मुळीच नाही. हाताच्या कागदाचे सौंदर्य प्रत्येक ताव थोडा वेगळा असण्यात आहे, तर नोटेची सुरक्षितता प्रत्येक ताव तंतोतंत सारखा असण्यात आहे. जलचिन्ह आणि धागा ठरलेल्या जागेवरून किंचित जरी हलले, तरी खऱ्याखोट्याची रेघ पुसट होते.

ही रेघ पुसली गेली तर काय होते, याचा धडा त्याच तुघलकाच्या काळात मिळाला होता. १३२९-३० च्या सुमारास त्याने टंका या चांदीच्या नाण्याच्या किमतीची पितळी आणि तांब्याची नाणी काढली. कल्पना काळाच्या फार पुढची होती, कारण आजची नोट ही त्याच जातीची वस्तू आहे : जिची स्वतःची किंमत थोडी आणि जिच्यामागे शब्द मोठा. परंतु साध्या कारागिराला घरी करता येणार नाही, अशी एकही खूण त्या नाण्यांवर नव्हती. खोट्या नाण्यांचा पूर आला आणि काही वर्षांतच ती मागे घेऊन खजिन्यातून खरे चलन मोजावे लागले. नोटेच्या घडणीत आज जे जे केले जाते, ते सगळे त्या एका उणिवेचे उत्तर आहे, असे मला वाटते.

प्रश्न : प्लास्टिकच्या नोटा येणार, असे कितीतरी वर्षांपासून ऐकतो. त्यांचे काय झाले?
— एक वाचक, धाराशिव

ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये पहिली पॉलिमर नोट काढली आणि नंतर अनेक देशांनी ती वाट धरली. आपल्याकडे दहा रुपयांच्या अशा नोटा कोची, म्हैसूर, जयपूर, सिमला आणि भुवनेश्वर या वेगवेगळ्या हवामानाच्या पाच शहरांत चालवून पाहण्याचे ठरले होते. पण त्या चलनात आल्या नाहीत. आजही आपली नोट कापसाचीच आहे.

प्रश्न : वीस रुपयांच्या नोटेवर आपले वेरूळ आहे, हे वर्गात सांगितले तेव्हा मुले हरखून गेली. नोटेवर काय असावे हे कोण ठरवते? मराठीला त्यात कोठे स्थान आहे? आणि सगळ्या नोटा नाशिकलाच छापतात का?
— एक शिक्षिका, सेलू, जि. परभणी

एप्रिल २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हिरवट पिवळ्या रंगाची ही नोट जाहीर केली. सध्याच्या मालिकेत दहाच्या नोटेवर कोणार्कचे सूर्यमंदिर, पन्नासच्या नोटेवर हंपीचा रथ, शंभरावर गुजरातमधील राणी की वाव, दोनशेवर सांचीचा स्तूप आणि पाचशेवर लाल किल्ला आहे. या मांदियाळीत मराठवाड्याचे लेणे बसले, याचा आनंद मलाही आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, वेरूळचे कैलास लेणे डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणले गेले. त्यात दगड जोडलेला नाही, फक्त काढलेला आहे. नोट छापण्याची मुख्य पद्धतही कोरण्याचीच आहे, हे पुढील उत्तरात येईल. मुलांना हे साम्य जरूर सांगावे. महाराष्ट्राची दुसरी वास्तू नोटेवर आली होती ती १९५४ च्या पाच हजारांच्या नोटेवर, मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया. पण ती नोट सामान्य माणसाच्या हाती कधी लागली नाही आणि १९७८ मध्ये रद्दही झाली.

नोटेचे रूप, आकार आणि साहित्य रिझर्व्ह बँकेच्या मध्यवर्ती मंडळाने सुचवायचे आणि केंद्र सरकारने मंजूर करायचे, असे रिझर्व्ह बँक कायद्याचे कलम २५ सांगते. अपवाद एक रुपयाच्या नोटेचा. ती भारत सरकार स्वतः काढते, तिच्यावर गव्हर्नरांऐवजी वित्त सचिवांची सही असते आणि धारकास रक्कम देण्याचे वचन तिच्यावर नसते.

मराठीचे स्थान मागील बाजूच्या भाषापट्टीत आहे. तेथे पंधरा भाषांत नोटेची किंमत लिहिलेली असते आणि भाषांचा क्रम त्यांच्या इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने लावलेला असतो. आसामी, बंगाली, गुजराती, कन्नड, काश्मिरी, कोकणी, मल्याळम आणि मग मराठी, अशी आपली ओळ वरून आठवी, म्हणजे पट्टीच्या बरोबर मध्यावर येते. कोकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत या चारही ओळी देवनागरीत असल्यामुळे मुलांना आपली ओळ ओळखून काढायला सांगितली, तर तो चांगला पाठ होईल. २०१६ पासूनच्या मालिकेत दर्शनी बाजूला देवनागरी अंकही आला आहे.

नाशिकचा मान पहिला आहे. तेथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्याआधी त्या इंग्लंडहून छापून येत असत. आता मध्य प्रदेशातील देवास, कर्नाटकातील म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधील सालबोनी येथेही छापखाने आहेत. नाशिक आणि देवास केंद्र सरकारच्या महामंडळाकडे, तर म्हैसूर आणि सालबोनी रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीकडे आहेत.

प्रश्न : माझे किराणा दुकान आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दीत पाचशेची खोटी नोट माझ्या गल्ल्यात आली आणि बँकेत भरणा करताना ती जप्त झाली. दिवा किंवा यंत्र न वापरता, गिऱ्हाईक समोर उभे असताना, नोट कशी ओळखावी?
— एक दुकानदार, उदगीर

आपले पाचशे रुपये गेले, याचे वाईट वाटते. कारण किराणा दुकानदाराला ते परत कमवायला किती माल विकावा लागतो, हे मी जाणतो. पद्धत सांगतो. ती बोटांपासून सुरू करावी, डोळ्यांपासून नव्हे.

नोट हातात आली, की दर्शनी बाजूवर अंगठा फिरवा. गांधीजींचे चित्र, उजवीकडचा अशोकस्तंभ, दोन्ही कडांजवळच्या पाच तिरप्या रेघा आणि उजवीकडचे वर्तुळ हे सगळे अंगठ्याला खरखरीत लागले पाहिजे. असे का लागते, हे समजले की विसरणार नाही. या भागांची छपाई इंटाग्लिओ पद्धतीने होते. धातूच्या पत्र्यावर चित्र खोल कोरलेले असते, त्या खाचांत घट्ट शाई भरतात, वरची शाई स्वच्छ पुसून काढतात आणि मग प्रचंड दाबाने कागद पत्र्यावर दाबतात. कागद खाचेत शिरतो आणि शाई उचलून बाहेर येतो. म्हणजे शाई कागदावर बसलेली नसते, तिच्यासह कागदच वर उठलेला असतो. घरच्या प्रिंटरवर काढलेली किंवा साध्या ऑफसेटवर छापलेली नोट दिसायला कितीही हुबेहूब असली, तरी तिला हा उठाव येत नाही. फार वापरलेल्या नोटेचा उठाव झिजतो, हे ध्यानात ठेवावे. पण झिजलेली नोट आणि मुळातच सपाट नोट यांतला फरक शंभर नोटा मोजल्या, की बोटांना कळू लागतो.

मग नोट उजेडाकडे धरा. नोटेवरच्या कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा आणि ५०० हा आकडा दिसेल. खोट्या नोटेत हा चेहरा बहुधा पांढऱ्या किंवा तेलकट शाईने आतून-बाहेरून छापलेला असतो. म्हणून त्याच्या कडा ठळक असतात आणि छाया सपाट असते. खऱ्या चेहऱ्यात सावली विरघळत गेलेली दिसते. उजेडातच आणखी एक गोष्ट पाहावी. डाव्या बाजूला एक आकडा अर्धा पुढे आणि अर्धा मागे छापलेला असतो, आणि उजेडात ते दोन भाग जुळून पूर्ण ५०० होतो. कारण नोटेच्या पार्श्वभूमीची छपाई दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, एकाच यंत्रात होते. आधी एक बाजू आणि मग दुसरी बाजू छापणाऱ्याला हा जोड केसाइतका अचूक साधता येत नाही.

तिसरी गोष्ट, नोट तिरपी करा. धागा हिरव्याचा निळा होतो आणि खाली उजवीकडचा रुपयाच्या चिन्हासह छापलेला ५०० हा आकडाही हिरव्याचा निळा होतो. रंग बदलणारी ही शाई बाजारात मिळत नाही. खोट्या नोटेवरचा धागा पुष्कळदा वरून चिकटवलेली चकचकीत पट्टी असते. नखाने हलकेच खरवडले, की ती उचलते. खरा धागा कागदाच्या आत-बाहेर विणल्यासारखा जातो आणि त्यावर भारत व आरबीआय ही अक्षरे असतात. शेवटी दोन्ही क्रमांकपट्ट्या पाहाव्यात. वरच्या डावीकडचा आणि खालच्या उजवीकडचा क्रमांक एकच असला पाहिजे आणि अंकांचा आकार डावीकडून उजवीकडे वाढत गेला पाहिजे.

यातली एकच खूण पाहून निर्णय देऊ नये. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांवर तर अजिबात नाही. धागा गव्हर्नरांच्या सहीजवळ नसून गांधीजींच्या चित्राजवळ असेल तर नोट खोटी, असा एक संदेश मराठवाड्यातही फार फिरला. तो चुकीचा असल्याचे जाहीर झालेले आहे आणि दोन्ही प्रकारच्या नोटा खऱ्या आहेत. दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याची बातमीही अशीच निराधार होती. नोट पारखण्यासाठी मिळणारे शाईचे पेन विकत घेणाऱ्यांनाही सांगावेसे वाटते, की ते पेन फक्त कागदातील स्टार्च ओळखते. स्टार्च नसलेल्या कागदावर छापलेली खोटी नोट त्यातून सहज सुटते.

बँकेने नोट जप्त केली ते नियमानुसारच केले. खोटी नोट बँक परत देऊ शकत नाही आणि तिचे पैसेही मिळत नाहीत. मात्र त्या नोटेवर खोटी असल्याचा शिक्का मारून आपल्याला पोचपावती देणे बँकेवर बंधनकारक आहे. ती पावती घेतली नसेल, तर मागून घ्यावी. एका भरण्यात चारपर्यंत खोट्या नोटा निघाल्यास बँक महिन्याच्या अहवालातून पोलिसांना कळवते. पाच किंवा अधिक निघाल्यास लगेच गुन्हा नोंदवला जातो. आणि खोटी आहे हे कळल्यावर ती दुसऱ्याच्या हातात सरकवू नये. तो स्वतंत्र गुन्हा आहे, आणि ती नोट शेवटी कोणातरी मजुराच्या हजेरीच्या पैशांत जाऊन पडते.

प्रश्न : क्रमांकात चांदणी असलेली नोट चालते का?
— एक वाचक, लातूर

चालते. छापताना खराब झालेल्या नोटेच्या जागी शंभराच्या गड्डीत दुसरी नोट घालतात, आणि ती बदली आहे हे दाखवण्यासाठी अक्षरे व अंक यांच्यामध्ये चांदणी छापतात. किंमत तेवढीच.

प्रश्न : ज्वारीच्या कणगीत ठेवलेल्या नोटा उंदरांनी कुरतडल्या. बँकेत गेले तर तुमचे खाते येथे नाही म्हणून परत पाठवले. आता काय करावे?
— एक वाचिका, जि. बीड

ताई, आपल्याला परत पाठवायला नको होते. फाटक्या आणि खराब नोटा बदलून देण्यासाठी त्या शाखेत खाते असण्याची अट नाही. सगळे तुकडे एका पाकिटात गोळा करून पुन्हा जावे आणि शाखाधिकाऱ्यांना भेटावे.

पैसे किती मिळतील, हे तुकड्याच्या क्षेत्रफळावर ठरते. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा निम्म्याहून अधिक असेल तर पूर्ण किंमत मिळते, नाहीतर काहीच नाही. पन्नास आणि त्यावरच्या नोटांचे तीन टप्पे आहेत : मोठा तुकडा ८० टक्क्यांहून अधिक असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी, आणि ४० टक्क्यांहून कमी असेल तर काही नाही. मोठा तुकडा म्हणजे एकच सलग तुकडा. दहा कपटे चिकटवून केलेली बेरीज धरत नाहीत. म्हणून नोटा घरी खळीने जोडू नयेत. जोडताना वेगवेगळ्या नोटांचे तुकडे एकत्र आले, तर अधिकाऱ्याला मुद्दाम केल्याचा संशय येतो आणि प्रामाणिक माणसाचे नुकसान होते. जळून कोळसा झालेल्या किंवा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या नोटा शाखेत घेत नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात न्याव्या लागतात.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत उर्दू आणि मराठी अक्षरांची जुनी नोट सापडली. घरातले म्हातारे तिला हाली म्हणतात. ही काय भानगड आहे?
— एक वाचक, नांदेड

आपल्या हातात मराठवाड्याचा इतिहास आहे, ती जपून ठेवावी. हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे चलन होते. निजामाच्या रुपयाला लोक हाली सिक्का म्हणत आणि इंग्रजी अमलातल्या रुपयाला कलदार. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९१८ मध्ये संस्थानाने कायदा करून कागदी नोटा काढल्या. आधी दहा आणि शंभराच्या, १९१९ मध्ये एक आणि पाचाच्या, तर १९२६ मध्ये हजाराची नोट आली. सुरुवातीला त्या लंडनच्या वॉटरलो अँड सन्स या छापखान्यातून येत. संस्थानात ज्या भाषा बोलल्या जात, त्या मराठी, तेलुगू आणि कानडी अक्षरांतही नोटेवर किंमत असे. त्यामुळे औरंगाबाद, बीड, परभणी किंवा नांदेडच्या बाजारात उर्दू न येणाऱ्या शेतकऱ्यालाही हातातली नोट कितीची आहे, हे वाचता येई.

या नोटांची एक विलक्षण हकीकत आहे. मे १९२२ मध्ये लंडनहून मुंबईकडे निघालेली ईजिप्त ही आगबोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. तिच्यात सोन्याचांदीबरोबर निजामाच्या नोटाही होत्या. पुढे १९३० च्या दशकात आर्तिल्यो या इटालियन जहाजाच्या पाणबुड्यांनी खोल समुद्रातून तो खजिना वर काढला, तेव्हा त्या नोटांपैकी काही ओळखू येण्याजोग्या स्थितीत मिळाल्या. दहा वर्षे समुद्रतळाशी राहूनही त्यांवरची छपाई वाचता येत होती.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, त्यानंतर दोन्ही चलने काही काळ शेजारी शेजारी नांदली. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा भाव होता आणि जुन्या लोकांची तोंडी गणिते त्यावरच चालत. १९५१ मध्ये हाली चलन काढणे थांबले आणि १९५९ मध्ये ते पूर्णपणे रद्द झाले. आपली नोट आता बाजारात चालणार नाही. तिची किंमत संग्राहकांकडे आहे, आणि ती तिच्या स्थितीवर व दुर्मिळतेवर ठरते. तिला प्लास्टिकच्या चिकटपट्टीने जोडू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. आम्लविरहित कागदात सपाट ठेवावी.

प्रश्न : माझा भाऊ दृष्टिहीन आहे आणि आठवडी बाजारात उदबत्त्या विकतो. नव्या नोटा आल्यापासून तो फार फसतो. त्याने काय करावे?
— एक वाचिका, हिंगोली

हे पत्र मी दोनदा वाचले, कारण येथे मला नोटेच्या रचनेतच दोष दिसतो आणि तो स्पष्ट लिहिला पाहिजे. नव्या मालिकेत शंभराला उठावाचा त्रिकोण, दोनशेला एच या इंग्रजी अक्षराच्या आकाराची खूण आणि पाचशेला वर्तुळ आहे. परंतु दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांवर अशी एकही उठावाची खूण नाही. पूर्वीच्या मालिकेत वीसच्या नोटेला उभा आयत आणि पन्नासला चौकोन होता. आपल्या भावाचा धंदा या लहान नोटांवरच चालतो, आणि नेमक्या त्याच मुक्या झाल्या.

लांबीचेही तसेच झाले. जुन्या मालिकेत दहाची नोट १३७ मिलिमीटर, वीस आणि पन्नासची १४७, शंभराची १५७, अशी दहा-दहा मिलिमीटरची चढण होती; वीस आणि पन्नासची लांबी सारखी असली, तरी पन्नासची रुंदी दहा मिलिमीटरने जास्त होती. नव्या मालिकेत दहाची १२३, वीसची १२९, पन्नासची १३५, शंभराची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० आहे. फरक चार ते सात मिलिमीटरवर आला. शिवाय जुन्या लहान नोटा अजून चालू आहेत, त्यामुळे वीसची जुनी नोट आणि दोनशेची नवी नोट यांच्या लांबीत फक्त एका मिलिमीटरचा फरक उरतो. रुंदी तीन मिलिमीटरने वेगळी आहे आणि दोनशेला उठावाची खूण आहे, एवढाच आधार. लहान नोटांवर उठावाच्या खुणा पुन्हा आल्या पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी थोडी महाग छपाई परवडली पाहिजे.

तोवर दोन गोष्टी करता येतील. भावाकडे साधा स्मार्टफोन असेल, तर रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये काढलेले मणी नावाचे ॲप त्यात घालून द्यावे. कॅमेऱ्यासमोर नोट धरली, की ते किंमत बोलून सांगते आणि त्याला इंटरनेट लागत नाही. मात्र नोट खरी की खोटी, हे ते सांगत नाही. दुसरा उपाय जाड पुठ्ठ्याचा. एक पट्टी कापून तिच्या डाव्या टोकाला लहानशी आडवी अडण चिकटवावी आणि अडणीपासून १२३, १२९, १३५, १४२, १४६ आणि १५० मिलिमीटरवर सुईने टोचून एक, दोन, तीन अशा क्रमाने फुगीर ठिपके उमटवावेत. नोटेची कड अडणीला लावून दुसरी कड कोणत्या ठिपक्यापाशी येते, हे बोटाने पाहता येते. जुन्या नोटांसाठी १३७, १४७ आणि १५७ ची खूण पट्टीच्या खालच्या कडेला करावी. पट्टी टोपलीच्या कडेला दोऱ्याने बांधून ठेवली, तर बाजाराच्या गर्दीतही हाताशी राहील.